बुटांचे रेनकोट: अख्खा पावसाळा वापरल्यावर

ठाण्यात जांभळी नाक्याला ‘शू कव्हर’ मागितलं की हॉस्पिटलात घालतात त्या निळ्या पिशव्या पुढे येतात. ‘गमबूट’ म्हणजे बुटांऐवजी घालायचे, ते वेगळे. बुटांवरून चढवायचं पावसाळी कव्हर हवं तर ‘बुटांचा रेनकोट’ म्हणा, लगेच कळतं.

माझे दोन जोड आहेत: एक सिलिकॉनचा, घोट्याच्या जरा वरपर्यंत, दुसरा पीव्हीसीचा, चेनवाला, पोटरीपर्यंत. घर मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे घोडबंदर रोडने बस, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल आणि पुढे पायपीट.

सिलिकॉनला शिवण नाही, पाणी शिरलं तर वरूनच. घोट्याखालच्या पाण्यात मोजे कोरडे ठणठणीत. पण वंदना टॉकीजपाशी तुंबतं तेव्हा काही उपयोग नाही; एकदा आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, पाय बादलीत घालून चालल्यासारखं होतं.

खरी कसरत चढवण्यात. लेदरवर सिलिकॉन सरकतच नाही. आत थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, आधी चवडा पूर्ण घुसवा, मग टाच ओढा. बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही! नख लागून चीर पडली की फेव्हिक्विक किंवा पंक्चरचं सोल्युशन त्यावर धरत नाही. धरतं ते सिलिकॉन सीलंट, खिडक्यांच्या कडेला भरतात ते.

आत हवा खेळत नाही, त्यामुळे पावसाने नाही तर घामाने मोजे दमट होतात. गाडीत बसायला मिळालं की मी काढून पिशवीत टाकतो. टाचेखालची नक्षी ऑगस्टपर्यंत गुळगुळीत झाली. तेव्हापासून स्टेशनच्या ओल्या जिन्यावर कठडा धरूनच उतरतो. खेळाच्या बुटांवर घालणार असाल तर एक साइज मोठी घ्या.

पीव्हीसीने लवकर मान टाकली. चेनमागे पट्टी होती, पण शिवणीवर आतून टेप नव्हती, सुईच्या भोकांतून पाझर सुरू झाला. घेताना आत हात घालून बघाच.

पायाला जखम असेल तर दोन्हींवर भरवसा ठेवू नका. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊ शकतो. अशा पाण्यातून जावंच लागलं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

बाइकवाल्यांना मात्र मी टेप मारलेलं पीव्हीसीच सुचवेन. सिलिकॉनचं डावं कव्हर गिअरच्या घासण्याने चवड्यावर विरतं, उजवं तसंच नवं राहतं, आणि दुकानात एकच पाय कोणी विकत नाही.