बदामाची लाल पानं आणि मुलांचे जलरंग: काय घ्यावं, काय नको

मुलांना घेऊन पानं रंगवायला बसणार असाल तर पैसे कागदावर घाला, रंगांवर नाही. आमच्या घरी सध्या तीन गोष्टी वापरात आहेत: कॅमलच्या विद्यार्थ्यांसाठीच्या जलरंगाच्या १२ ट्यूब, वाढदिवसाला भेट आलेला ३६ वड्यांचा एक चकचकीत डबा, आणि ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), कोल्ड प्रेस (म्हणजे किंचित खरखरीत) कागदाचा ए५ पॅड. तिघांत सगळ्यात भाव खाऊन गेला तो पॅड.

पानगळीचे रंग म्हटलं की आपल्याला परदेशातले मेपल आठवतात. मुंबईत मेपल कुठला? पण देशी बदाम गल्लोगल्ली आहे, आणि थंडी सरायला लागली की त्याची पानं काय लाल होतात! आमच्या सोसायटीत झाडणारे काका सकाळी ढीग करतात, त्याच्या आधी आम्ही खाली पोचतो. "ताई, कचरा वर कशाला नेता?" असं ते विचारतात आणि मग स्वतःच चांगली पानं बाजूला काढून ठेवतात.

तर कागद. चित्रकलेच्या साध्या वहीचा कागद पाणी लागलं की फुगतो, आणि मुलं ब्रश घासतातच, मग त्याची साल निघायला लागते. पोर हिरमुसतं, आपण म्हणतो "घासू नकोस", आणि मजा तिथेच संपते. ३०० जीएसएमचा कागद हे सगळं सोसतो. पाणी त्यावर थोडा वेळ टिकतं, आणि बदामाच्या पानाला नेमकं तेच हवं असतं. आधी पानाचा आकार नुसत्या पाण्याने ओला करायचा, त्यात पिवळा सोडायचा आणि पाणी चमकतंय तोवर एका कडेला क्रिमझनचा थेंब टेकवायचा. लाल आपणहून पिवळ्यात पसरतो. थोरली नऊ वर्षांची आहे, ती पहिल्यांदा हे बघून ब्रश हातात धरून नुसती बसून राहिली होती. झाडावरही क्रम साधारण हाच असतो. हिरवं हरितद्रव्य मोडत जातं, पानात आधीपासून असलेला पिवळा दिसायला लागतो, आणि लाल मात्र पान नव्याने तयार करतं. हे तिला चित्र काढता काढताच सांगितलं, वेगळा तास घ्यावा लागला नाही.

हिरव्याची घाई करू नका. ओल्या लालवर हिरवा गेला की तपकिरी चिखल होतो. लाल पूर्ण वाळू द्या, मग सॅप ग्रीनचा फिका हात द्या. अर्थात धाकट्याला तपकिरीच हवा असतो, "किडकं पान" काढायचं म्हणून. त्याला करू द्या. किडकी पानं खरोखर छान दिसतात. त्यावर ओलं असतानाच जाड्या मिठाचे चार खडे टाकायचे. मीठ आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर झटकलं की चट्टे तयार. शिरांसाठी केकवरची पांढरी मेणबत्ती पुरते: रंगाआधी शिरा मेणाने ओढायच्या, त्यावर पाणी बसत नाही.

पॅडबद्दल एकच तक्रार, आकाराची. बदामाचं पूर्ण वाढलेलं पान ए५वर मावत नाही. आम्ही ते तिरकं ठेवतो आणि देठ कागदाबाहेर जाऊ देतो. तरीही मी ए४ घेणार नाही, कारण एवढी मोठी जागा भरताना पाच वर्षांच्या पोराचा उत्साह अर्ध्यात संपतो.

आता ट्यूब. कॅमल म्हणजे १९३१ साली शाईपासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या घरचे रंग. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी हेच वापरले असतील. पानांसाठी मला लागतात ते चार: लेमन यलो, क्रिमझन, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि सॅप ग्रीन. पांढरी आणि काळी मी लपवून ठेवते. पांढरा मिसळला की जलरंगाचा पारदर्शकपणा जातो, आणि काळा हाती लागला तर धाकटा अख्खं पान रात्रीचं करतो. ट्यूब मात्र लहानांच्या हातात देऊ नका. मी आदल्या रात्री पॅलेटमध्ये प्रत्येक रंग वाटाण्याएवढा काढून वाळवते. सकाळी ओला ब्रश फिरवला की रंग पुन्हा जिवंत होतो, आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. क्रिमझन सुती कपड्यातून सहजी जात नाही, तेव्हा बाबांचा जुना शर्ट उलटा घालून बसवा.

३६ वड्यांच्या डब्याचं नाव घेत नाही, तसे डबे सगळीकडेच मिळतात. त्यात सोनेरी, चंदेरी, जांभळ्याच्या पाच छटा, आणि नीट पसरणारा पिवळा एकही नाही. कितीही घासा, कागदावर खडूसारखा भुरा थर बसतो. सोबतचा प्लास्टिकच्या केसांचा ब्रश तर पाणीच धरत नाही. तरी टाकून दिला नाही, कारण धाकट्याला झाकण उघडून रंगांची नावं ठरवायला आवडतं. "डोसा कलर" त्यातलाच.

ब्रश वेगळा घ्या: गोल, मऊ केसांचा, ८ नंबरचा, प्रत्येक मुलाला एक. बारीक ब्रश दिला की मुलं कडा गिरवत बसतात आणि तोवर पाणी वाळून जातं. स्टेशनरीच्या दुकानात असाल तर ब्रशचं टोक ओलं करून पाहू देतात का विचारा; भिजल्यावर टोकाला नीट जमला तर घ्या, दोन फाटे फुटले तर परत ठेवा.

पॅडला पाचपैकी साडेचार, ट्यूबना चार, डब्याला एक. तो एकही डोसा कलरसाठी.