टेलिकास्टर-धर्तीचं गिटार किट: जोडून, वाजवून केलेलं परीक्षण

हे किट घ्यावं का? गिटार थोडीफार वाजवता येत असेल आणि ती आतून कशी चालते हे स्वतःच्या हातांनी समजून घ्यायचं असेल, तर जरूर घ्यावं. नुसती वाजवायला गिटार हवी असेल, तर तयार घ्यावी. पेटीतून निघतात ते गिटारचे सुटे भाग. त्यांची गिटार करायचं काम आपलं असतं, आणि त्यातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या कामाबद्दल सोबतच्या सूचनापत्रकात एक ओळही नाही. हे परीक्षण मी मुख्यतः त्या न लिहिलेल्या ओळीसाठी लिहितेय.

माझ्याबद्दल थोडं. मी भौतिकशास्त्र शिकवते, गिटार बरीच वर्षं वाजवते, डाख देता येतो. लाकूडकाम कधीच केलं नव्हतं. कंपनीचं नाव देत नाही. पेटीत काय आलं आणि त्याचं काय करावं लागलं, ते सांगते. कुठल्याही कंपनीचं किट घेतलंत तरी तपासायच्या जागा याच.

पहिल्या गिटारसाठी टेलिकास्टरची घडणच का निवडावी, ते आधी सांगते. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास ही इलेक्ट्रिक गिटार आणली आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर या नावाने विकली जाते. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी वाद्याकडे उघडता, जोडता येणारं यंत्र म्हणून पाहिलं. बॉडी म्हणजे साधारण ४५ मिलिमीटर जाडीची सपाट फळी, नेक, म्हणजे तारा दाबायची लांब मान, चार स्क्रूंनी बसवलेली, आणि सगळी वायरिंग एका धातूच्या पट्टीखाली. लेस पॉल या दुसऱ्या प्रसिद्ध घडणीच्या गिटारमध्ये बॉडीचा माथा फुगीर असतो, नेक चिकटवलेली असते आणि किंचित मागे कललेली असते. तो कल थोडा जरी चुकला तरी ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) फार खाली किंवा फार वर न्यावा लागतो, आणि एकदा गोंद वाळला की सुधारणा जवळपास अशक्य. टेलीत, म्हणजे टेलिकास्टरमध्ये, स्क्रू काढा, पुन्हा बसवा. नवख्या माणसाला ही सवड फार मोलाची आहे.

पेटीत आलेली बॉडी बासवुडची, तीन तुकडे जोडलेली. सांधे घट्ट, हात फिरवला तर नखाला लागत नाहीत. पोकळ्या स्वच्छ कोरलेल्या. नेक मेपलची, वर रोझवुडची फिंगरबोर्ड, २२ फ्रेट (तार दाबली की ज्यावर टेकते त्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आधीच ठोकलेले. नेकचं लाकूड मला या किटमधला सगळ्यांत चांगला भाग वाटला: रेषा सरळ, गाठ नाही, पीळ नाही. टोकाकडून डोळा लावून पाहिलं की दोन्ही कडा सारख्या धावतात. स्क्रू मात्र मऊ लोखंडाचे. ट्यूनरचे (तारा पिळायच्या खुंट्यांचे) बारीक स्क्रू तर असे, की आधी बारीक भोक न पाडता पिळले तर मान तुटून अर्धा स्क्रू लाकडात राहील. भोक पाडायचं, स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण चोळायचं, मगच पिळायचा.

आता रंग. सूचनापत्रकाची निम्म्याहून जास्त पानं यावर आहेत. ‘तेल, लॅकर किंवा रंग, हवं ते लावा’ असं त्यात लिहिलंय, पण बॉडीवर कारखान्यातच सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा, पातळ थर दिलेला होता आणि त्याचा उल्लेख कुठेही नाही. लाकडात मुरणारं तेल या थरातून आत जात नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा: तो मण्यासारखा उभा राहिला, तर सीलर आहे. मला तेलच हवं होतं, म्हणून सगळा थर घासून काढावा लागला. ओळखीचे एक सुतारकाम करणारे काका बघायला आले होते. म्हणाले, “ताई, आडवा हात मारू नका, रेषेतच घासा. आडवा ओरखडा आत्ता दिसणार नाही, तेल लागलं की उठून येईल.” १२० नंबरच्या काचपेपरपासून सुरुवात, मग १८०, २४०, शेवटी ३२०. मधला नंबर वगळला तर आधीच्याचे ओरखडे तसेच राहतात. रंगाचा जाड थर द्यायचा असेल तर सीलर तसाच ठेवा, नुसता ३२० ने खरखरीत करून घ्या.

तेलाबद्दल एक गोष्ट पत्रकात ठळक अक्षरांत हवी होती. जवसाच्या किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलात भिजलेलं फडकं गोळा करून टाकलं, तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. तेल वाळतं ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून. त्यातून उष्णता निघते आणि घडीच्या आत ती कोंडली जाते. फडकी पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घरात मुलं असतील तर हे काम संपल्या संपल्या, इतर काही करायच्या आधी करा.

नेक बसवण्याचं काम मला फार आवडलं. बॉडीत चार भोकं पाडलेली होती, नेकच्या बुडाला नव्हती. काहींना ही उणीव वाटेल. मला हाच शहाणपणा वाटतो, कारण नेक नेमकी सरळ करण्याची मुभा आपल्याकडे राहते. आधी ब्रिज जागेवर ठेवला, दोन्ही टोकांच्या ट्यूनरपासून ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणले, आणि फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर सारखं येईपर्यंत नेक हलवली. मग क्लॅम्प, खुणा, भोकं. ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे फिंगरबोर्ड फुटून वर यायची भीती नाही. बॉडीतली भोकं स्क्रूपेक्षा किंचित मोठी हवीत. आटे बॉडीतही रुतले तर स्क्रू कितीही पिळला तरी नेक आणि बॉडीत फट राहते. आणि रंग देताना नेकची खोबण पट्टीने झाका. तिथे चढलेला थर नेकला खाली बसू देत नाही.

ब्रिजची जागाही मोजून घ्या, भोकं आधीच असली तरी. या गिटारची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, ६४८ मिलिमीटर, म्हणजे नटपासून (फिंगरबोर्डच्या टोकाची छोटी पट्टी, तिच्याबद्दल पुढे) बाराव्या फ्रेटपर्यंत बरोबर ३२४, आणि तिथून तेवढंच पुढे बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा). तिथून सॅडल आणखी काही मिलिमीटर मागे सरकवता आलं पाहिजे, कारण जाड तारांना जास्त लांबी लागते. माझ्या किटमध्ये हे माप अचूक होतं.

आता नट. तारा ट्यूनरकडून येऊन ज्या छोट्या पट्टीवरून फिंगरबोर्डवर उतरतात, तीच ही पट्टी.

पहिल्यांदा गिटार जोडणाऱ्या बहुतेकांची तक्रार ऐकलीत तर एकच असते: सूर दाखवणाऱ्या यंत्रावर सहाही तारा सुरात दिसतात, पण ई किंवा सी कॉर्ड धरला की बेसूर वाजतो. दोष मग तारांना दिला जातो, ब्रिजला दिला जातो, पिकअप (तारांची कंपनं टिपणारे, चुंबक असलेले भाग) बदलले जातात. कारण बहुधा नटच्या खाचा उथळ असणं हे असतं. या किटमधला नट प्लास्टिकचा, खाचा मशीनने पाडलेल्या आणि मुद्दाम उथळ ठेवलेल्या. उथळ ठेवण्यात चूक नाही, खोल करता येतात, भरता येत नाहीत. पण तसं सांगायला तरी हवं होतं.

होतं काय, ते पाहा. तार नटवर उंच बसली की पहिल्या फ्रेटवर दाबताना तिला बरंच खाली न्यावं लागतं. खाली नेताना ती ताणली जाते, ताण वाढला की कंपनसंख्या वाढते, आणि स्वर चढा लागतो. बाराव्या फ्रेटजवळ हा परिणाम जाणवत नाही, पहिल्या दोन-तीन फ्रेटवर मात्र कान दुखावतो. आणि नवखा माणूस नेमका तिथेच वाजवत असतो. बोटंही तिथेच दुखतात, आणि आपल्यालाच जमत नाही असं त्याला वाटत राहतं.

तपासायची रीत सोपी. तार तिसऱ्या फ्रेटच्या मागे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातू यांच्यात किती फट आहे ते पाहा. कागदाच्या जाडीइतकी, जेमतेम दिसेल अशी हवी. तारेवर टिचकी मारली की हलकासा टिक् ऐकू यावा. माझ्या किटमध्ये जाड तारांखाली पोस्टकार्ड सहज सरकत होतं. यासाठी तारेच्या जाडीच्या बारीक कानशी मिळतात, त्याच वापराव्यात. दोन घाव, तार बसवून तपासणी, पुन्हा दोन घाव. हे काम घाईचं नाही, आणि कंटाळवाणं तर मुळीच नाही, कारण दर वेळी हाताला फरक कळतो.

खाचेचा उतार ट्यूनरकडे हवा, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या कडेवरून, फिंगरबोर्डच्या बाजूने सुटते. खाचेचा तळ पुढे उतरता झाला तर तार मागच्या कडेवरून सुटते आणि उरलेल्या तळाला घासत राहते. मग तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लागल्यासारखी झणझण येते. तंबोऱ्याचा तो प्राण आहे. गिटारमध्ये तो दोष.

नटचं काम झालं आणि तोच सी कॉर्ड धरला. तारा त्याच, ब्रिज तोच, पिकअप तेच. स्वर एकमेकांत मिसळले. सूचनापत्रकात रंगावर जेवढी पानं आहेत त्यातलं एक पान जरी नटला दिलं असतं, तर किती जणांच्या गिटारी भिंतीवर टांगून राहण्याऐवजी हातात राहिल्या असत्या!

फ्रेटची तपासणी याला लागूनच येते. एकाच वेळी तीनच फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी घ्यायची आणि ती डुगडुगते का पाहायचं. माझ्या नेकवर चौदावा फ्रेट वर होता: तेराव्यावर दाबलं की तार चौदाव्याला लागून मरायची. लगेच कानस उचलू नका. तो फ्रेट नीट बसलेलाच नसेल, तर प्लास्टिकच्या तोंडाच्या हातोडीने हलके ठोकल्यावर बसतो. माझा बसला. कडा मात्र टोकदार होत्या, हात फिरवला की ओरखडायच्या. त्या बारीक कानशीने गोल केल्या.

वायरिंग सोपी. तीन जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन, जॅक. आकृती स्पष्ट आहे, पण ब्रिजकडे जाणारी अर्थिंगची वायर त्यात इतकी पुसट छापलीय की नजरेतून सुटू शकते. ती ब्रिजखाली दाबून बसलीच पाहिजे. नाहीतर तारांवरून हात काढला काय, ठेवला काय, गुणगुण थांबत नाही. पॉटच्या (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखाली असतो तो भाग) पाठीवर डाख द्यायला उष्णता भरपूर लागते, ४० वॉटच्या खालचा सोल्डरिंग आयर्न घेऊ नका. चकचकीत, पसरलेला डाख चांगला. मळकट, गोळ्यासारखा बसलेला असेल तर पुन्हा द्या. पॉट ५०० किलोओहमचे आलेत. सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपना प्रथेप्रमाणे २५० चे लावतात. ५०० ने आवाज जास्त तीक्ष्ण येतो, विशेषतः ब्रिजजवळच्या पिकअपचा. मी टोनचा नॉब थोडा मागे ठेवून वाजवते, तरी २५० चे असते तर बरं झालं असतं. तारा चढवण्याआधी अॅम्पला जोडून प्रत्येक पिकअपच्या चुंबकावर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. टक् ऐकू आलं की जोडणी नीट.

१० ते ४६ च्या (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) संचातल्या सहा तारा सुरात आल्या की नेकवर मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण येतो आणि नेक किंचित पुढे वाकते. ती पूर्ण सरळ करायची नसते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर पाव मिलिमीटरच्या आसपास फट ठेवायची. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवू नका. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची: मी जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली १.६ ठेवलीय.

ब्रिजवर तीनच सॅडल आहेत, प्रत्येकावर दोन तारा, जुन्या टेलीसारखी. म्हणजे सूर जुळवताना दोन तारांमध्ये तडजोड आलीच. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. मी प्रत्येक जोडीत जी तार जास्त वापरते तिला झुकतं माप दिलं. सहा सॅडलचा ब्रिज मिळत असेल तर पहिल्या गिटारला तोच घ्या.

आवाजाबद्दल माझं मत चांगलं आहे. नेकजवळचा पिकअप गोल, मऊ, ब्रिजचा खणखणीत, दोन्ही मिळून लागतात तेव्हा तर हात थांबवावासा वाटत नाही. किटबरोबर आणखी काय घ्यावं लागतं, तर नटच्या कानशी, सरळ पट्टी, दोन क्लॅम्प, चांगले स्क्रू आणि तारांचा नवा संच. पेटीतल्या तारा जुळवाजुळवीपुरत्याच ठेवा. सगळ्यांत कच्चा भाग स्विच आहे: मधल्या जागी नीट अडकत नाही आणि फिरवताना कधीकधी खरखरतो. तो नेहमीच्या मापाचा आहे, त्यामुळे चांगला आणून दोन स्क्रू आणि थोड्या डाखांत बदलता येईल. २५० चे पॉटही मी तेव्हाच बसवणार आहे.