कॅमलच्या स्टुडंट ट्यूब: रंग चांगलेच आहेत, आधी कागद बदला

एलिमेंटरी-इंटरमिजिएटनंतर ब्रश सुटला तो सुटलाच, अशी कितीतरी माणसं चाळिशी-पन्नाशीत पुन्हा रंगपेटी आणतात. पहिली चित्रं गढूळ होतात, कागद फुगतो, आणि ‘आपल्या हातात कलाच नाही’ म्हणून पेटी कपाटात जाते. यात हाताचा दोष क्वचितच असतो. शाळेतल्या पातळ ड्रॉइंग पेपरवर कसलेल्या चित्रकारालाही सपाट आकाश रंगवणं जड जातं.

दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कंपनीचे हे कॅमल जलरंग तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळतात. ५ मिलीच्या १२ ट्यूबचा संच नवशिक्याला पुरून उरतो. मोठा गुण म्हणजे ते वाया घालवताना जीव वरखाली होत नाही. महागड्या ट्यूबमधून माणूस मोहरीएवढा रंग काढतो, त्यात भसाभस पाणी घालतो आणि चित्र आजारी दिसतं. इथे वाटाण्याएवढा काढा. पॅलेटवर वाळला तरी दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने पुन्हा सुटतो.

मर्यादाही आहेत. कुठल्याही स्टुडंट दर्जाच्या रंगात रंगद्रव्य कमी, भर जास्त. वाळल्यावर छटा उतरते, म्हणून ओला असताना थोडा गडदच लावावा. क्रिमसनची, म्हणजे गडद लाल रंगाची, चित्रं उन्हात लावू नयेत, त्यांचा रंग उडतो. पांढरी आणि काळी ट्यूब सुरुवातीला बाजूला ठेवा: पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडायचा, काळ्यासाठी अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळायचा. त्यातून निघणारे राखाडी पावसाळी ढगांना काळ्या ट्यूबपेक्षा कितीतरी जिवंत दिसतात.

आता कागद, कारण पैसे खरे इथेच घालायचे. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पोताचा), आणि जमल्यास पूर्ण कॉटन, म्हणजे कापसाचा. महाग वाटतो, पण २२ × ३० इंचांच्या एका मोठ्या कागदाचे साडेपाच × साडेसात इंचांचे १६ तुकडे होतात. एवढ्याशा तुकड्यावर बिघडण्याची धास्ती कमी वाटते आणि चित्र एका बैठकीत पुरं होतं.

पहिला सराव आकाशाचा करा. तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने फळीवर चिकटवा, फळीच्या वरच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवा. लागेल वाटतं त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून घ्या, कारण मध्येच संपला की तिथे पट्टा उठतो. १० नंबरचा गोल ब्रश भरून डावीकडून उजवीकडे ओढा. खाली जमलेला पाण्याचा थेंब पुढच्या ओळीत घ्या आणि शेवटचा कोरड्या केलेल्या ब्रशने टिपा. झालेल्या भागावर परत जायचं नाही. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग येतात, आणि घासत बसलं की कागदाचे बोळे निघतात.

ब्रश दोनच घ्या, १० आणि ४ नंबरचे सिंथेटिक. पाण्याची भांडी मात्र दोन हवीत, एक धुवायला, एक स्वच्छ. गढूळपणा निम्मा इथेच थांबतो. उरलेला थांबतो एका मिश्रणात दोनच रंग घेतल्याने, फार तर तीन.

२४ किंवा ३६ छटांची पेटी भेट म्हणून छान दिसते, पण शिकणाऱ्याने ती घेऊ नये. त्याच पैशांत आणखी दोन कागद येतात.