२४ इंची फुल एचडी की २७ इंची क्यूएचडी? वाचन-लेखनासाठी मॉनिटर निवडताना

लॅपटॉपवर दिवसाचे सहा-आठ तास लेखन, भाषांतर, मुद्रितशोधन किंवा हिशेबाचे काम करणारा माणूस वेगळा मॉनिटर घ्यायचे ठरवतो, तेव्हा फिरून फिरून दोन पर्यायांपाशी येऊन थांबतो: २४ इंची फुल एचडी आणि २७ इंची क्यूएचडी. दुसऱ्याला पहिल्याच्या साधारण दुप्पट पैसे पडतात, आणि ते पैसे नेमके कशाचे, हे दुकानात कोणी सांगत नाही. तिथे बोलणे होते ते रिफ्रेश रेटचे, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते त्याचे, आणि ठिपक्याचा रंग बदलायला लागणाऱ्या ‘एक मिलिसेकंद’चे, कारण खोक्यावर तेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ज्याचा संबंध दिवसभर मजकुराशी येतो, त्याने त्याऐवजी दोन गोष्टी मोजाव्यात: पडद्याच्या एका इंचात पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनते ते बारीक ठिपके, किती बसतात आणि आपल्या टेबलाची खोली किती आहे. माझ्या मते निवड या दोन मापांवरच होते. बाकीचे सारे तपशील त्यानंतरचे.

एका इंचात किती पिक्सेल

२४ इंची म्हणून विकला जाणारा मॉनिटर बहुधा २३.८ इंची असतो. त्यावर १९२० बाय १०८० पिक्सेल असल्यामुळे एका इंचात सुमारे ९३ पिक्सेल येतात. २७ इंची क्यूएचडीवर २५६० बाय १४४० पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला सुमारे १०९. आणि त्याच आकाराच्या फोर-के मॉनिटरवर ३८४० बाय २१६०, म्हणजे इंचाला सुमारे १६३. नेत्रतज्ज्ञ ज्या नजरेला ६/६ म्हणतात, ती एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखू शकते. त्या हिशेबाने फुल एचडीचे ठिपके डोळ्यांना जाणवेनासे होण्यासाठी २४ इंची मॉनिटरपासून सुमारे ९४ सेंटिमीटर लांब बसावे लागेल, २७ इंची क्यूएचडीपासून ८० आणि २७ इंची फोर-केपासून सुमारे ५४. आपण प्रत्यक्षात ५५ ते ७० सेंटिमीटरवर बसतो. तेव्हा पहिल्या दोन्ही मॉनिटरांवर अक्षरांच्या कडा थोड्याफार खडबडीत दिसणारच. फरक आहे तो कमी-अधिकाचा.

रोमन लिपीला हा खडबडीतपणा फारसा बाधत नाही, पण देवनागरीला बाधतो. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचे सारे काही मोठे-लहान करण्याचे प्रमाण, १०० टक्के असताना ११ पॉइंटच्या अक्षराला उभ्या दिशेने जेमतेम १५ पिक्सेल मिळतात. त्यातच वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेषा आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा पाय बसवायचा असतो, त्यामुळे अक्षराच्या मुख्य देहाच्या वाट्याला त्याच्या निम्म्याच्या आसपासच जागा उरते. एवढ्याशा जागेत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांच्यातला फरक एखाददुसऱ्या पिक्सेलवर येऊन ठेपतो. कोकिळासारखा अंगाने लहान फाँट असेल तर मुद्रितशोधकाची खरी परीक्षा होते. ‘आचार्यांना’ की ‘आचाऱ्यांना’ हे पाहण्यासाठी पान दर वेळी दीडपट मोठे करावे लागत असेल, तर दोष नेहमी चष्म्याचा असतो असे नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण २७ इंची क्यूएचडी घेऊन नाराज होणाऱ्यांचे घोडे बहुतेक वेळा येथेच अडते. स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवले, तर क्यूएचडीवरच्या अक्षरालाही तेच १५ पिक्सेल मिळतात. ते पिक्सेल आकाराने लहान असल्यामुळे अक्षर २४ इंचीच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी लहान दिसते, अधिक रेखीव होत नाही. तुम्हाला मिळते ती जागा. रेखीवपणा हवा असेल तर स्केलिंग १२५ टक्के करावे. मग त्याच अक्षराला १८ पिक्सेल मिळतात, ते २४ इंचीवरच्या अक्षरापेक्षा किंचित मोठेही दिसते, आणि कामाला उरणारी जागा २०४८ बाय ११५२ पिक्सेलएवढी, म्हणजे फुल एचडीपेक्षा थोडी जास्तच राहते.

जागेचा फायदा कोणाला होतो, तेही पाहू. वर्डमध्ये १०० टक्के आकारात ए-फोरचे पान ७९४ पिक्सेल रुंद आणि ११२३ पिक्सेल उंच असते. फुल एचडीची उंचीच १०८० असल्यामुळे पूर्ण पान एका नजरेत कधीच मावत नाही. वरची रिबन आणि खालची टास्कबार वजा केली तर पानाचा तळ बराच खाली राहतो आणि हाताला सतत चाळा लागतो. क्यूएचडीवर १०० टक्के स्केलिंग ठेवले आणि रिबन मिटवली, तर अख्खे पान दिसते, आणि शेजारी मूळ संहितेचे दुसरे पानही आरामात उघडता येते. अर्थात ते पान पडद्यावर २१ ऐवजी साडेअठरा सेंटिमीटर रुंद दिसते. नजर चांगली असलेल्या भाषांतरकाराला हा सौदा परवडतो. चाळिशी लागलेल्याने १२५ टक्के स्केलिंग घेऊन जागेवर पाणी सोडावे, हे उत्तम.

ज्या दोन वस्तू घेऊ नयेत

२७ इंची फुल एचडी हा या बाजारातला सर्वांत फसवा माल आहे. पडदा मोठा, किंमत २४ इंचीच्या थोडीच वर, म्हणून तो भराभर विकला जातो. पण पिक्सेल तेवढेच राहून पडदा ताणला गेल्यामुळे इंचाला सुमारे ८२ पिक्सेल उरतात. चित्रपट किंवा खेळांसाठी तो ठीक आहे, मजकुरासाठी नाही. दुसरी वस्तू म्हणजे घरातला ३२ इंची एचडी-रेडी टीव्ही. तो एचडीएमआय केबलने जोडता येतो, हे खरे. पण त्यावर बहुधा १३६६ बाय ७६८ एवढेच पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला ४९ आणि एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. शिवाय अनेक टीव्ही रंगांची माहिती कमी तपशिलाने दाखवतात, त्यामुळे लाल किंवा निळी अक्षरे कडांना फिसकटलेली दिसतात. क्रिकेटचा सामना पाहायला तो पुरून उरेल, पण जमाखर्चाचे तक्ते त्यावर वाचू नयेत.

टेबलाची खोली

पुण्या-मुंबईच्या घरांत संगणकाचे टेबल म्हणून जे मिळते, त्याची खोली पुष्कळदा ४५ ते ५० सेंटिमीटर असते. मॉनिटरच्या स्टँडचा पाय १८ ते २२ सेंटिमीटर जागा घेतो, त्यामुळे पडदा भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे येतो आणि त्यापुढे कीबोर्ड ठेवल्यावर डोळे पडद्यापासून अवघ्या ४५-५० सेंटिमीटरवर राहतात. अमेरिकेतील ओशा ही कामगार-सुरक्षा संस्था हे अंतर ५० ते १०० सेंटिमीटर असावे असे सुचवते. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. इतक्या जवळून त्याची दोन्ही टोके पाहण्यासाठी मान वळवावी लागते, आणि संध्याकाळी खांदे दुखू लागले की दोष खुर्चीवर जातो. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असल्याने अशा टेबलावर तो तुलनेने सुसह्य ठरतो. माझा ठोकताळा असा: टेबल ५० सेंटिमीटरपेक्षा कमी खोल असेल आणि ते बदलायचे नसेल, तर २४ इंचीच घ्यावा, ६० सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर २७ इंची क्यूएचडी.

यांच्यामधला मार्ग मॉनिटर आर्मचा आहे. टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळलेला आर्म पडदा थेट भिंतीलगत नेतो आणि दहाएक सेंटिमीटर अंतर पदरात पडते. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीमागे १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूंची भोके आहेत ना, ते आधी पाहावे, कारण काही स्वस्त मॉडेलांत ती नसतात. काचेच्या टेबलावर मात्र हा उद्योग करू नये.

उंचीबाबतचा सर्वमान्य नियम असा, की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. स्वस्त २४ इंची मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त पुढे-मागे झुकतो, वर-खाली होत नाही. त्याखाली ए-फोर कागदाचे एक रीम ठेवले की पाच सेंटिमीटर उंची वाढते आणि काम भागते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांसाठी हा नियम उलटा फिरतो. ते भिंगाच्या खालच्या भागातून वाचतात, त्यामुळे पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसावे लागते आणि मान आखडते. त्यांनी पडदा शक्य तितका खाली आणून मागे कलता ठेवावा. २७ इंची पडदा २४ इंचीपेक्षा चार सेंटिमीटर उंच असतो, म्हणून अशा व्यक्तीने स्टँड जास्तीत जास्त किती वर जातो हे विचारण्याऐवजी कमीत कमी किती खाली येतो, हे विचारावे.

एक मोठा की दोन लहान

तेवढ्याच पैशांत दोन २४ इंची मॉनिटर येतात आणि दोन्हींचे मिळून पिक्सेल एका क्यूएचडीपेक्षा जास्तही भरतात. एकीकडे मूळ मजकूर आणि दुसरीकडे भाषांतर अशी सरळ विभागणी असेल, किंवा एका पडद्यावर ऑनलाइन तास चालू ठेवून दुसऱ्यावर उपस्थिती भरायची असेल, तर हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. त्यातला एक उभा फिरवता आला तर ए-फोरचे पान पूर्ण दिसून वर जागा उरते. मात्र पॅनेल फिरवले की विंडोजची अक्षरे गुळगुळीत करण्याची क्लिअरटाइप पद्धत तितकीशी नीट चालत नाही. शिवाय दोन मॉनिटरांना सव्वा मीटरच्या आसपास लांबीचे टेबल लागते, दोघांच्या मधली काळी पट्टी नेमकी नाकासमोर येते, आणि एम-१ किंवा एम-२ चिपचा मॅकबुक एअर असेल तर तो मुळात एकच बाहेरचा पडदा चालवतो. मला स्वतःला एक २७ इंची क्यूएचडी अधिक पसंत आहे.

मॅकचा विषय निघालाच आहे, तर फोर-केबद्दलही सांगायला हवे. मॅकच्या कार्यप्रणालीच्या २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून अ‍ॅपलने अक्षरे गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत सोडली, त्यामुळे फुल एचडी मॉनिटरवर मॅकची अक्षरे विंडोजच्या तुलनेत उणी दिसतात. मॅकवाल्याने २४ इंची फुल एचडीचा विचार सोडून जमल्यास २७ इंची फोर-केकडे जावे. विंडोजवरही फोर-के १७५ टक्के स्केलिंगवर चालवला, तर २४ इंचीएवढ्याच आकाराच्या अक्षराला १५ ऐवजी सुमारे २६ पिक्सेल मिळतात, आणि रफार-अनुस्वार छापील पुस्तकासारखे सुटे दिसू लागतात. परंतु लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचे असेल, तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते, माउसचा बाण अडखळत सरकतो आणि नाकापेक्षा मोती जड होतो. त्यासाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवे. यूएसबी-सी पोर्टचेही तसेच आहे: चार्जिंग होते म्हणजे त्यातून चित्रही बाहेर पडते, असे गृहीत धरू नये.

पॅनेलच्या, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याच्या, प्रकाराबद्दल फार बोलण्याची गरज नाही. मजकुरासाठी आयपीएस प्रकारचे घ्यावे, ते कडेने पाहिले तरी छटा फारशा बदलत नाहीत. व्हीए पॅनेलचा काळा रंग अधिक गडद असतो, पण कडेने पाहिल्यास छटा बदलतात. रिफ्रेश रेट ६० असला तरी लेखनाचे काही अडत नाही. १००चा घेतला असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो खरोखर १००वर आहे का ते पाहावे, कारण कित्येकदा तो मुकाट्याने ६०वरच चालत असतो. जिथे वीज वारंवार जाते, तिथे लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि मॉनिटर तेवढा काळाठिक्कर पडतो. २४ इंची एलईडी मॉनिटरला साधारण २० वॅटच लागत असल्यामुळे लहानसा यूपीएसही त्याला पुरतो.

मॉनिटर घरी आला की खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे न येता बाजूला येईल अशा बेताने तो मांडावा, मग जोडणी करावी. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी आणि अक्षरे फिकट वाटली, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची कक्षा ‘लिमिटेड’ असते, ती ‘फुल’ करावी. त्यानंतर पडदाभर अनुक्रमे पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग आणून एखादा पिक्सेल मेलेला किंवा एकाच रंगात अडकलेला आहे का, ते नीट न्याहाळावे. हे काम माल परत करण्याची मुदत संपण्याच्या आत उरकावे आणि खोके उघडतानाचे चित्रीकरणही जपून ठेवावे, कारण बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या नियमांत एखाददुसरा सदोष पिक्सेल हा दोष धरला जात नाही, आणि मुदत उलटल्यावर तो पुढची पाच-सात वर्षे तुमच्या प्रत्येक ओळीवर अनुस्वारासारखा बसून राहतो.