डाळमिलमधल्या कामाचे कपडे: संक्रांतीपासून दिवाळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी माल तपासण्याचं आणि निवडणीच्या बायकांवर देखरेखीचं काम करते. देखरेख म्हटलं की लोकांना खुर्ची आणि पंखा दिसतो. इथं तसलं काही नाही. पोत्यातून नमुना काढायला ट्रकच्या फाळक्यावर चढायचं, चाळणीखाली उकिडवं बसून कणी किती पडतेय ते बघायचं, वाळवणात डाळ हलवायची, डाळ वर नेणारा एलिव्हेटर अडकला की लोखंडी शिडीनं वर जायचं. आसपास हमाल, ड्रायव्हर, मिस्त्री, मुनीम. नव्या तुरीची आवक सुरू झाली तेव्हा मी पंजाबी ड्रेस आणि ओढणी बाजूला ठेवून कामासाठी वेगळे जोड शिवून घेतले. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी त्यातच निघाली. निवडणीतल्या निम्म्या पोरींनी टेलरचा पत्ता विचारला, म्हणून हे सविस्तर.

जोड असा: गुडघ्याच्या वर चार बोटं येणारा सुती कुर्ता, कॉलर आणि फुल बाही. खाली सरळ पॅंट. डोक्याला तिकोनी रुमाल. पायात सेफ्टी बूट. कापड गंजगोलाईच्या बाजारातून घेतलं, शिवलं आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी. माप घेताना ते म्हणाले, "ताई, एक सांगा, हे जेंट्स शिवायचं का लेडीज?" मी म्हटलं, कॉलर, कफ आणि खिसे जेंट्सचे, बाकी लेडीज. कापड आणि शिलाई धरून एक जोड हजाराच्या आतबाहेर पडला. तयार कपड्यांच्या दुकानात याहून स्वस्त कुर्ते लटकलेले असतात, पण त्यांची बाही हात वर केला की दंडात रुतते आणि आख्खा कुर्ता कमरेच्या वर येतो.

माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. आरशासमोर ताठ उभं राहिलं की कुठलाही ड्रेस सभ्यच दिसतो. कामाच्या जागी बाई ताठ उभी कधी असते? वाकते, उकिडवी बसते, हात डोक्यावर नेते, शिडी चढते, वरून घामानं भिजते. म्हणून टेलरकडे ट्रायलला मी तिथल्या तिथं उकिडवी बसले, दोन्ही हात वर केले, स्टुलावर एक पाय ठेवला. काकांनी मान वळवली, पण मग स्वतःहूनच बगलेत शंकरपाळ्याच्या आकाराचा जोड घातला. त्या एका तुकड्यानं कुर्ता वर चढायचा थांबला. इतके महिने झाले, बगलेची शिवण एकदाही उसवलेली नाही. पॅंटचं आसनही त्यांनी खोल ठेवलं आणि त्यावर दुहेरी टीप मारली. उकिडवं बसताना फर्रकन आवाज येण्याची धास्ती गेली, हे लिहायला साधं वाटतं, पण ज्यांना ती धास्ती माहीत आहे त्यांना कळेल.

गळ्याचं थोडं सविस्तर सांगते. निवडणीच्या टेबलाशी बाई पुढं झुकलेली असते आणि समोरून माणसं ये-जा करतात. ओढणीनं गळा झाकायचा तर दर दोन मिनिटांनी ती सावरावी लागते, म्हणजे एक हात कायम ओढणीला. कॉलर आणि वरचं बटण लावलेलं असलं की हा हात मोकळा होतो. छातीपर्यंत आतून त्याच कापडाचा दुहेरी थर घेतला आहे, त्यामुळं घामानं भिजलं तरी आतलं काही दिसत नाही. बटणं मात्र नेहमीची नाहीत, टिच बटणं आहेत. धाग्यानं लावलेलं बटण तुटून डाळीत पडलं तर ते शोधणार कोण? त्याच कारणानं वरचा खिसा ठेवलेला नाही, वाकलं की त्यातला पेन थेट ढिगात जातो.

आता ओढणी. पट्टा, पुली, शाफ्ट यांवर जाळ्या असतात, पण दुरुस्तीच्या वेळी काढलेली जाळी परत लागेलच असं नाही. मागं एका मिलमध्ये असताना माझ्याच शेजारी एकीच्या ओढणीचं टोक चाळणीच्या शाफ्टनं धरलं. ओढणी नुसती खांद्यावर टाकलेली होती म्हणून सर्रकन निघून गेली. मानेपाशी पिनेनं टाचलेली असती तर काय झालं असतं ते तिथल्या सगळ्यांना कळलं. "पिन लावून नीट घे" असं आपण पोरींना सांगतो, रस्त्यावर ते ठीकच आहे. मशीनजवळ पिन लावलेली ओढणी सुटत नाही, माणसाला सोबत घेऊन जाते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २२ होतं. चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करायची तर अंगाला घट्ट बसणारे कपडे हवेत आणि ते कारखानदारानं पुरवायचे, असं त्यात लिहिलेलं. पण ते प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारासाठी. बाईनं चालू यंत्र पुसायचं किंवा त्याला तेल घालायचंच नाही, हे त्याच कलमात पुढं. म्हणजे घट्ट कपडे त्याला आणि आम्हाला मनाई. पण मनाई कागदावर राहते आणि बाई पट्ट्याच्या शेजारीच डाळ निवडत बसते, तिनं काय घालायचं?

मी त्यातून माझ्यापुरता हिशोब काढला: टोकांना घट्ट, मधे सैल. मनगट, घोटा, गळा, डोकं इथं कापड बंद झालं पाहिजे. छाती, पोट, मांड्या इथं ते अंगापासून सुटं राहिलं पाहिजे. यंत्र धरतं ते टोक, आणि लोकांची नजर जाते ती मधल्या भागावर. आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट चढवतात, कफ लावतात, डोक्याला फडकं गच्च बांधतात. पाचटानं हात चिरू नयेत म्हणून निघालेली ती रीत. बीडकडच्या त्या बायकांना कुठल्या सेफ्टी ऑफिसरनं शिकवलं नव्हतं, आणि माझा पोशाख म्हणजे तीच युक्ती जरा शिंप्याकडून नेटकी करून घेतलेली.

लेगिंग्ज मी महिनाभरसुद्धा वापरल्या नसत्या. ट्रकवर चढताना अंगाला चिकटलेल्या कपड्यात मन कामात राहत नाही. सलवारीचा घेर शिडीच्या पायरीत अडकतो. सरळ पॅंटला पुढून पट्टी, मागून इलॅस्टिक आणि आतून नाडी. दोन्ही बाजूंना चेनचे खोल खिसे, त्यात मोबाइल आणि पाळीच्या दिवसांत लागणारं सामान मावतं, पर्स सांभाळत बसावं लागत नाही. खाली दुमड ठेवू नका, त्यात भुसा साचतो आणि घरी गेल्यावर पलंगावर सांडतो. आत सुती हाफ चड्डी घालते, नाहीतर मे महिन्यात मांड्या घासून लाल होतात.

कापडाबद्दल दुकानदार काहीही सांगतात. सुती कापड हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. लातुरात पारा ४१-४२ वर गेला की पत्र्याखाली उभं राहून हा फरक पाठीलाच कळतो. मिलनं दिलेला ऍप्रन पॉलिस्टरचा होता, पुरुषी मापाचा, खांदे दंडापर्यंत उतरलेले. तो घातला की घामोळ्या आणि काढला की मुकादमाची बोलणी. शेवटी तपासणीला कोणी येणार असेल तेवढाच घालते.

पण सुतीची गैरसोयही सांगायला हवी. श्रावणात दमट हवेत कुर्ता रात्रभर पंख्याखाली टाकला तरी सकाळी शिवणी ओल्याच. पॅंटचं कापड मी सुती-पॉलिस्टर मिश्र घेतलं ते यासाठीच, आणि तो निर्णय बरोबर ठरला: लवकर वाळते, सुरकुतत नाही, गुडघ्यावरचा दुहेरी तुकडा अजून शाबूत आहे. वेल्डिंगच्या किंवा ग्राइंडरच्या कामाला मात्र असलं मिश्र कापड घेऊ नका, ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. आणि सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवून द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता आखडतो आणि ज्या लांबीसाठी एवढा खटाटोप केला तीच जाते.

रंगाची निवड पाण्यावर ठरते, निदान आमच्याकडं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. नळ अजूनही रोज येत नाही. गडद निळ्यावर तुरीचा धुरळा पिठासारखा उठून दिसतो आणि घाम वाळला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे. फिकट रंगात ओला भाग कळतो. मेंदी रंगावर बारीक काळी बुट्टी असलेलं कापड घेतलं, त्यात दोन्ही झाकलं जातं. घरी आल्यावर आधी अंगणात कोरडाच झटकायचा, भुसा निघून जातो, मग एका बादलीत दोन कपडे निघतात.

रुमाल म्हणजे चौकोनी कापड तिकोनी दुमडून मागं गाठ आणि टोकं कॉलरमध्ये. केसांत भुसा जात नाही, लोंबत काही नाही. आमच्यातली एक मुलगी हिजाब घालते. तिनं पिना सोडून डोक्यावरून ओढून घालायचा, शिवलेला, आखूड स्कार्फ घेतला आणि तो कुर्त्याच्या आत खोचते. खाण्याच्या मालात पिन पडायची भीती तिच्याबरोबर आमचीही गेली. तोंडाला मात्र रुमाल पुरत नाही. बारीक धूळ कापडातून आरपार जाते. साल काढायच्या रोलवर तूर घासली जात असताना मी बारीक धूळ अडवणारा एफएफपी-२ मास्क लावते, पाकिटावर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघून घेतलेला.

बांगड्यांचा विषय नाजूक. अन्नाच्या कारखान्यात सुटे दागिने नकोत, हा अन्नसुरक्षेचाच नियम आहे, आणि काचेचा तुकडा डाळीत म्हणजे आख्खा ढीग पुन्हा निवडायचा. पण निवडणीतल्या एक मावशी सरळ म्हणाल्या, "ताई, भुंड्या हातानं मी घरी कशी जाऊ? तुम्हीच सांगा." यावर कायदा सांगून उपयोग नसतो. स्कूटरवाल्या मुली उन्हासाठी घालतात त्या दोन्हीकडं इलॅस्टिक असलेल्या नळीच्या बाह्या मी त्यांना आणून दिल्या. बांगडी फुटली तरी काच आतच राहते, आणि हात भुंडे होत नाहीत. मावशींनी दुसऱ्या दिवशी सुनेसाठीही एक जोडी मागितली. मंगळसूत्र कॉलरच्या आत, त्यावर कोणाची तक्रार नाही.

बूट ही या सगळ्यातली सर्वांत मोठी डोकेदुखी. आयएस १५२९८ चे, पुढून २०० ज्यूलचा आघात सोसणारी टोपी असलेले बूट गोदामात हवेतच, पन्नास किलोचा कट्टा थप्पीवरून घसरला तर चप्पल काय कामाची. पण दुकानात पुरुषांची मापं. मला चार नंबर लागतो, मिळाला पाच. जाड मोजे घालून भागवलं, टाच अजून घासते. शिवाय आमच्याकडं वाळवणातल्या डाळीवर बूट घालून जायचं नाही, दिवसातून कितीदा काढा-घाला. लेसचे घेऊ नका, बिनलेसचे मिळतात.

रस्त्याचा प्रश्न उरतोच. मिलमध्ये कपडे बदलायला खोली नाही. कामाच्या वेळी न लागणारे कपडे ठेवायची आणि ओले कपडे वाळवायची सोय हवी, हे १९४८ च्या त्याच कायद्यात कलम ४३ मध्ये होतं. आमच्याकडं खिळा आहे, तोही पुरुषांच्या बाजूला. म्हणून पोशाख असा हवा होता की शेअर रिक्षात, भाजीवाल्यापुढं आणि घरात सासूबाईंसमोर तोच चालेल. पिशवीत एक हलकी ओढणी असते, गेटबाहेर पडले की खांद्यावर. सासूबाई पहिल्या आठवड्यात "शर्ट घालून चाललीस का?" म्हणाल्या होत्या. आता शेतात जाताना माझा जुना कुर्ता मागतात.

झीज म्हणाल तर कॉलरची घडी विरली, मागचं इलॅस्टिक उन्हाळ्याअखेर ढिलं पडलं, रंग खांद्यावर उडालाय. पुढच्या तुरीच्या हंगामासाठी दोन जोड टाकलेत. इलॅस्टिक बदलता येईल अशी उघडी पट्टी, कॉलरला उलटसुलट करता येईल अशी शिवण आणि कफला दोन टिच बटणं, म्हणजे दुपारी गोदामात बाही सैल सोडता येईल आणि मशीनकडं जाताना घट्ट. काकांनी शिलाई पन्नास रुपयांनी वाढवली आहे, आणि आता ट्रायलला एक स्टूल स्वतःच पुढं करतात.