अवघड शब्दांचे अर्थ दिलेत, सोप्यांचे कोण देणार?

१६५० ची स्कॉटिश छंदोबद्ध स्तोत्रं, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांची गाण्याजोगी इंग्रजी पद्यं, आमच्या गायनवृंदात गातात. मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरांच्या गटात, उभी राहते आणि कितीतरी शब्द आजवर नुसत्या सुरावर निभावून नेलेत. म्हणून ही खिशात मावणारी आवृत्ती घेतली, ती केवळ मागे शब्दार्थ आहेत म्हणून.

छपाई स्वच्छ, बांधणी बरी. 'रेन्स' पहिल्या झटक्यात सापडला. १६ व्या स्तोत्रात रात्रीच्या वेळी माझे 'रेन्स' मला शिकवतात, अशी ओळ आहे. मी इतकी वर्षं घोड्याचा लगाम समजत होते, निघाली मूत्रपिंडं! हिब्रूत मनातलं गूज तिथे राहतं, आपण सगळं काळजावर ढकलतो तसं. ११९ व्या स्तोत्रातला 'प्रिव्हेंट'ही दिलाय. गाणारा पहाटेला अडवत नाही, तिच्याआधी उठून धावा करतो. इथवर पैसे वसूल.

पण संपादकाने दिसायला अवघड तेवढेच शब्द वेचलेत. फसवतात ते ओळखीचे. २३ व्या स्तोत्रातला 'वाँट' यादीत नाही. तिथे 'हवं असणं' नाही, 'उणं पडणं' आहे: प्रभू माझा मेंढपाळ, मला काही उणं पडणार नाही. त्याहून वाईट म्हणजे १०० व्यातला 'फॉर व्हाय'. विल्यम केथचं हे भाषांतर १५६१ चं, आणि तेव्हा 'फॉर व्हाय' म्हणजे सरळ 'कारण'. या आवृत्तीत त्यापुढे प्रश्नचिन्ह छापलंय, आणि आम्ही त्यापाशी उगाच थबकून श्वास घेतो. ज्ञानेश्वरीत 'कां' दिसला की नवखा वाचक प्रश्न समजतो आणि असतो तो 'किंवा', तशीच गत.

उच्चारांबद्दल तर अवाक्षर नाही. २४ व्यात 'सॅल्व्हेशन'चं यमक 'अपॉन'शी आहे. आजच्यासारखं म्हटलं तर ओळ पाच अक्षरांतच संपते आणि यमकही जातं. ८-६-८-६ चा, म्हणजे आळीपाळीने आठ आणि सहा अक्षरांच्या ओळींचा, हिशोब बोटांवर मोजला तेव्हा कळलं: सॅल्-व्हे-सि-ऑन, चार अक्षरं. हे शब्दार्थांनी नाही, छंदाने शिकवलं. प्रस्तावनेत दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

पाचपैकी तीन तारे. शेवटचं पान कोरं सोडलंय, ते मात्र कामी आलं. पेन्सिलीने माझी यादी तिथे सुरू झालीय. 'वाँट' पहिला, 'फॉर व्हाय' दुसरा.