पवित्र भूमीची गटयात्रा: वर्ष उलटल्यावर काय टिकलं

2023च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आमच्या इंदूरच्या मंडळीतून (चर्चमधून) एक गट पवित्र भूमीला, म्हणजे येशूच्या मुलखाला, जाऊन आला. महू, देवास आणि उज्जैनची काही कुटुंबं सोबत होती. प्रोटेस्टंट जास्त, कॅथलिक थोडे, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. वर्ष उलटलं, तरी रविवारी उपासना सुटल्यावर कोणी ना कोणी विचारतंच: एवढा खर्च करावा का, म्हाताऱ्या माणसांना न्यावं का, आणि तिथे जाऊन विश्वास खरंच वाढतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं परतल्याच्या आठवड्यातही देता आली असती. तिसऱ्यासाठी वर्ष जावं लागलं.

आधी व्यवहाराचं. मुंबईहून अम्मान, तिथून नबो डोंगर आणि यार्देन नदीचा काठ, मग सरहद्द ओलांडून इस्राएलमध्ये गालील, नासरेथ, काना, खाली यरीहो आणि मृत समुद्र, शेवटी यरुशलेम आणि बेथलेहेम, असा आमचा मार्ग होता. माणशी खर्च लाखांत जातो. गाइड आणि ड्रायव्हरची बक्षिसी, दुपारची जेवणं असे यात्रा कंपनीच्या पत्रकात बारीक अक्षरात लिहिलेले किंवा न लिहिलेले खर्च वेगळे, ते आधीच लेखी विचारून घ्या. आमचा व्हिसा गटाचा एकत्र होता, त्यामुळे आत जायचं सगळ्यांनी मिळून आणि बाहेर पडायचंही मिळून. सरहद्दीवरच्या तपासणीत फार वेळ जातो, तिथे पाणी आणि औषधं हाताशी ठेवा. जेवणाचे हाल नाहीत. हमस, फलाफल, पिटा, काकडी-टोमॅटो, ऑलिव्ह सगळीकडे मिळतं. आम्ही नेलेली इंदुरी सेव गालील येईपर्यंत संपली, त्यातली बरीचशी ड्रायव्हरने आवडीने खाल्ली.

सासूबाईंचे गुडघे दुखरे. जुन्या यरुशलेमचे रस्ते दगडी, पायऱ्या-पायऱ्यांचे आणि शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झालेले. येशू वधस्तंभ घेऊन चालला ती वाट म्हणून जी 14 ठिकाणं दाखवतात, ती त्यांना चालून झाली नाहीत. येशूला वधस्तंभावर दिलं ती गुलगुथाची जागा तर पवित्र कबरेच्या चर्चच्या आत उंचावर आहे, तिथे चढायचा जिना उभा आणि अरुंद. तरीही वडीलधाऱ्यांना न्या असंच मी म्हणेन, फक्त निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज चालायची सवय करून घ्या आणि काठी न लाजता बरोबर ठेवा.

गालीलबद्दल मला हात राखून लिहिता येणार नाही. मार्चची सुरुवात होती, उतारांवर हिरवं गवत आणि त्यात जागोजागी लाल रानफुलं. बोटीवर चढल्यावर बोटवाल्यांनी तिरंगा चढवला, राष्ट्रगीत लावलं आणि मागोमाग मोठ्या आवाजात नाचाची गाणी सुरू केली. पाळकसाहेबांनी त्यांना विनंती करून गाणी आणि इंजिन दोन्ही बंद करायला लावलं आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला, येशूचे शिष्य बोटीत वादळात सापडतात तो उतारा मराठीतून वाचला. बोट नुसती डुलत होती. चहूबाजूंचा काठ दिसत होता. हे तळं जास्तीत जास्त 21 किलोमीटर लांब, 13 किलोमीटर रुंद, आणि समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 210 मीटर खाली. भोवती डोंगर असल्यामुळे वरची थंड हवा खाली घसरते आणि शांत पाणी बघता बघता उसळतं. जन्म पाण्यावर काढलेले कोळी त्या रात्री का घाबरले, ते मला त्या बोटीत कळलं. कफर्णहूम, मग्दाला, भाकरी वाटल्या ती जागा, डोंगरावरचं प्रवचन, सगळं एका नजरेच्या टप्प्यात. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेला तो सगळा मुलूख मी मनात फार विस्तीर्ण करून ठेवला होता. तो इतका लहान आहे, आणि येशू त्याच चार-पाच गावांतून पुन्हा पुन्हा पायी फिरला, तेच चेहरे त्याला रोज भेटत होते, हे मला नवीन होतं.

कफर्णहूमला येशूचा शिष्य पेत्र याचं म्हणून जे घर दाखवतात, त्याच्या काळ्या बेसॉल्ट दगडाच्या भिंती आता जेमतेम उरल्या आहेत. पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च बांधलं होतं, त्याचेही अवशेष दिसतात. आताचं चर्च खांबांवर वरच्या वर उचलून बांधलंय आणि त्याच्या काचेतून खाली ते घर बघता येतं. खोल्या इतक्या लहान की चार माणसं आडवी झाली की भरल्या. पेत्राच्या सासूला ताप आला होता आणि येशूने तिचा हात धरून तिला उठवलं, ते इथेच, असं मानतात. सासूबाई कठडा धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आई, बसायला जागा बघू का?" तर म्हणाल्या, "नको गं. ती उठली आणि लगेच त्यांची सेवा करायला लागली. मलाही तेवढंच हवंय, सेवा करता येईल इतकं बरं." त्या दिवसापासून त्यांची रोजची प्रार्थना तीच आहे. गुडघे तसेच आहेत, पण आता मंडळीत प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) भांडी त्या स्वतः बसून पुसतात, कोणाला हात लावू देत नाहीत.

यरीहोहून यरुशलेमला बस चढायला लागली तेव्हा कान बंद झाले. यरीहो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 250 मीटर खाली, यरुशलेम सुमारे 750 मीटर वर, आणि मधलं अंतर फक्त 25 किलोमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि आडोशाच्या घळी. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत लुटारू ज्याला मारून टाकून जातात आणि एक परका शोमरोनी ज्याला वाचवतो, तो माणूस याच वाटेने खाली उतरत होता. तिथे थांबून एका जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालणं म्हणजे स्वतःचाही जीव धोक्यात घालणं होतं. हे उपदेशातून शंभर वेळा ऐकलं असेल, पण मनात शिरलं ते त्या वळणांवर.

यरुशलेममध्ये आमच्या गटात खरी फूट पडली, आणि त्याबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं. येशूची कबर जिथे मानतात त्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्ट, इथिओपियन आणि सिरियन अशा सहा परंपरा नांदतात. प्रत्येकीची जागा आणि वेळ ठरलेली. दाराची किल्ली मात्र पिढ्यान् पिढ्या मुसलमान घराण्यांकडे असते. आत धूप, घंटा, मेणबत्त्यांचा धूर, धक्काबुक्की आणि रांगेतली भांडणं. आमच्यातल्या बऱ्याच प्रोटेस्टंटांचा तिथे पार विरस झाला. दमास्कस दरवाजाबाहेरची बागेतली कबर, जिला काहीजण येशूची खरी कबर मानतात, ती मात्र सगळ्यांना भावली. तिथे झाडं आहेत, बाकं आहेत, शांतता आहे. जैतुनाच्या लाकडाच्या इवल्या पेल्यांतून आम्ही प्रभुभोजन घेतलं आणि बायका-पुरुष सगळे रडले. पण 1883 मध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डन यांनी शेजारच्या खडकात गुलगुथा ओळखला, त्या जागेला अशी जुनी परंपरा नव्हती, आणि ती कबर ख्रिस्तापेक्षा कित्येक शतकं जुनी आहे असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. शुभवर्तमानात तर ती नवी कबर होती. उलट त्या गर्दीच्या जागेची आठवण निदान चौथ्या शतकापासून, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून अखंड आहे, तिथलं पहिलं चर्च 335 मध्ये अर्पण झालं. म्हणजे मन शांत झालं एका ठिकाणी, आणि इतिहासाचा कौल बहुधा दुसऱ्या ठिकाणाला.

हे मला काही दिवस बोचत राहिलं. मग आठवत राहिल्या त्या आमच्या गटातल्या महूच्या कॅथलिक आंटी. ज्या दगडावर प्रभूचं शरीर ठेवून सुगंधी द्रव्यं लावली असं मानतात, त्या दगडावर त्यांनी आपल्या आजारी बहिणीची ओढणी पसरली, तळव्यांनी दाबून पुसली आणि घडी करून पिशवीत ठेवली. गर्दीचा, धक्क्यांचा त्यांच्यावर काही परिणाम नव्हता. दगडांना हात लावून काही होत नाही हे मी माहेरी शिकले, आजही तसंच मानते. पण त्यांच्या विश्वासाला आपल्यापेक्षा कच्चं समजण्याची जी सवय आमच्या घरांमध्ये असते ना, ती माझ्यापुरती तिथेच गळून पडली. 2024च्या लेंटमध्ये मी त्यांच्या चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला (त्याच 14 ठिकाणांच्या चित्रांपुढे करतात त्या प्रार्थनेला) गेले आणि सगळ्या 14 ठिकाणी त्यांच्याबरोबर गुडघे टेकले.

यरुशलेममध्येच बेथेस्दाच्या तळ्याशेजारी सेंट अ‍ॅनचं बाराव्या शतकातलं चर्च आहे. (इंदूरच्या व्हाइट चर्चचं नावही सेंट अ‍ॅनच.) तिथला आवाज असा घुमतो की तुम्ही थांबलात तरी सूर थांबत नाही. आम्ही गायनाच्या पुस्तकातलं एक जुनं मराठी भजन म्हटलं, आणि बेसूर गाणाऱ्यांचंही गाणं सुंदर झालं. तिथे जाल तर गाइड घाई करत असला तरी एक कडवं म्हणाच.

घाई हीच माझी या यात्रेबद्दलची मुख्य तक्रार. कंपनीने पत्रकावर जितकी जास्त ठिकाणं छापता येतील तितकी छापली होती. सकाळी सातला बस, प्रत्येक जागी फोटोपुरता वेळ, आणि जैतुनाच्या लाकडाच्या वस्तूंच्या दुकानात मात्र तासभर. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री याच भूमीच्या यात्रेला आली होती. ती लिहिते की प्रत्येक स्थळी ते आधी प्रार्थना करत, मग त्या जागेचा शास्त्रपाठ वाचत. आमच्या पाळकसाहेबांनी जिथे जिथे हट्टाने तसं केलं, तीच ठिकाणं आज माझ्याबरोबर आहेत. काना, मृत समुद्र, नबो डोंगर यांचे फोटो आहेत, दुसरं काही नाही.

बेथलेहेममध्ये जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच, वाकूनच आत जावं लागतं. गुहेत 14 टोकांच्या चांदीच्या ताऱ्यापाशी पोहोचायला मोठी रांग, आणि तिथे गुडघे टेकायला काही सेकंद. मला तिथे काहीच वाटलं नाही. वाटलं ते बाहेर, आमच्या बेथलेहेमच्या गाइडशी बोलताना. तो अरबी बोलणारा ख्रिस्ती. त्याचे वडील जैतुनाचं लाकूड कोरणारे. एकेकाळी बेथलेहेम ख्रिस्ती बहुसंख्येचं गाव होतं, आता तिथे आपले लोक थोडे उरले आहेत. यरुशलेम हाकेच्या अंतरावर, पण मध्ये काँक्रीटची उंच भिंत आणि तपासणी नाका. तो म्हणाला, तुम्ही सगळे दगड बघायला येता, आम्हाला भेटायला कोणी येत नाही. आमचा रात्रीचा मुक्काम बेथलेहेममध्येच होता, तरी त्याच्या मंडळीचं दारसुद्धा आम्ही पाहिलं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना जिवंत दगड म्हटलंय, तो अध्याय मी त्या रात्री हॉटेलवर वाचला.

घरी आल्यावर पहिले काही महिने सगळं छान होतं. साक्षी झाल्या, फोटो दाखवून झाले, यार्देनचं पाणी वाटून झालं. मग तो उत्साह ओसरला, जसा तो ओसरणारच. मला टिकलेली दिसली ती वाचनाची गोष्ट. लूकचं शुभवर्तमान वाचताना आता मला चढ-उतार जाणवतात, अंतरं कळतात, कोण कुठून किती थकून आला असेल ते दिसतं. पूर्वी मी एक अध्याय पाच मिनिटांत संपवायचे. आता अर्ध्यावर थांबते आणि वेळ कधी जातो कळत नाही. माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो सांगेल की त्याच्यात फारसा बदल नाही, प्रवास चांगला झाला एवढंच. हेही खरं असतं, आणि त्यात कमीपणा नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध पेटलं. यात्रेचे गट बंद झाले आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राहिलेल्या त्या गाइडचे निरोप येऊ लागले: हॉटेलं बंद, दुकानं बंद, वडिलांचं कोरीव काम पडून. त्या नाताळात बेथलेहेमने सार्वजनिक उत्सव रद्द केला, झाडाची रोषणाई केली नाही. तिथल्या एका लुथरन चर्चने गव्हाणीऐवजी ढिगाऱ्यात बाळ येशूला ठेवलं. आम्ही इकडे तारे लावत होतो. मंडळीत प्रार्थनेवरून मतभेद झाले. काहींचं म्हणणं, आपण इस्राएलसाठीच प्रार्थना करायची, शास्त्रात तसंच आहे. मी गृहसभेत उभी राहून म्हटलं की गालीलच्या आमच्या ज्यू गाइडसाठी करू, ज्यांची माणसं मारली गेली आणि पळवून नेली त्यांच्यासाठी करू, गाझातल्या मुलांसाठी करू आणि बेथलेहेमच्या त्या घरासाठीही करू. सगळ्यांना ते पटलं नाही. पण दर बुधवारी आता या सगळ्यांची नावं घेतली जातात. यात्रेआधी मी 'जगात शांती नांदो' एवढं म्हणून पुढच्या विषयाकडे वळायचे. आज ज्यांच्या हातची कॉफी प्यायले त्यांच्यासाठी मागते, आणि उत्तर मिळत नाही म्हणून देवाशी वादही घालते. माझा विश्वास वाढला का म्हणाल तर हाच तो बदल. तो सुखाचा नाही, पण मला तो परत द्यायचा नाही.

वाटा पुन्हा नीट उघडतील तेव्हा आमच्याकडून आणखी एक गट निघावा असं पाळकसाहेबांच्या मनात आहे. मला विचारलं तेव्हा मी दोन गोष्टींवर अडून बसले. शास्त्रपाठ आणि पंधरा मिनिटांची शांतता जिथे शक्य नाही ते ठिकाण कार्यक्रमातून काढायचं. आणि एक पूर्ण रविवार बेथलेहेमच्या स्थानिक मंडळीबरोबर काढायचा: त्यांची अरबी उपासना, त्यांच्याच घरी जेवण, लाकडाच्या वस्तू घ्यायच्या तर थेट कारागिराकडून. त्यासाठी काना आणि मृत समुद्र दोन्ही गाळावे लागले तरी चालतील.